वस्तीत आहाराची बैठक घेताय? तेलाचा कॅन किती दिवस पुरतो ते आधी विचारा

सप्टेंबरात पोषण महिना आला की सांगली, मिरज, कुपवाडच्या वस्त्यांमध्ये आहाराच्या बैठका सुरू होतात. समाजमंदिरात सतरंजी अंथरली जाते, भिंतीवर सफरचंद आणि दुधाच्या ग्लासाचा तक्ता लागतो, कुणीतरी पाऊण तास बोलतं, फोटो निघतो. बायका मान डोलावून घरी जातात आणि संध्याकाळी कढईत तेवढंच तेल पडतं. मीही पहिली तीन वर्षं अशाच बैठका घेतल्या. चूक क्रमात होती. मी सल्ला आधी देत होते, आणि त्या घरात काय शिजतं, कुठून येतं, किती पैशांत येतं हे विचारतच नव्हते.

हा लेख आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटांच्या सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताई आणि वस्तीत काम करणाऱ्या मंडळांसाठी आहे. विषय एकच: हातावर पोट असलेल्या घरांत वाढत चाललेला पोटाचा घेर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के स्त्रियांचं वजन जास्त निघालं आणि त्याच वयातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय. या दोन गोष्टी एकाच बाईत एकत्र असू शकतात, हे डोक्यात पक्कं ठेवून पुढे वाचा. तिचं पोट सुटलंय म्हणजे ती चांगलं खाते असं नाही. रेशनचा तांदूळ-गहू मिळतो, साखर आणि पामतेल परवडतं; डाळ, भाजी, अंडी, दूध महाग पडतं. मग भूक धान्य, साखर आणि तेलावर भागवली जाते.

टप्पा १. बैठकीच्या आधी दोन आठवडे वस्ती चालून बघा

वही घेऊन चाला, पण पहिल्या दिवशी ती पिशवीतच राहू द्या. चार गोष्टी बघायच्या आहेत.

१. वस्तीतली किराणा दुकानं. तिथे डाळ मिळते का, आणि केवढ्या मापात? रोजंदारीवरचं घर महिन्याचा किराणा भरत नाही. दहा-वीस रुपयांचं सुटं तेल, पावशेर साखर, पाच रुपयांची चहापूड असा रोजचा हिशेब असतो. त्या दुकानात पाव किलो मटकी मिळत नसेल तर तुमचा ‘उसळ खा’ हा सल्ला तिथेच संपला.

२. भाजी किती लांब आहे. शिवाजी मंडई किंवा मिरजेचं लक्ष्मी मार्केट जवळ असलेल्यांची गोष्ट वेगळी. कुपवाड एमआयडीसीच्या मागच्या वस्तीतल्या बाईला मंडईला जायचं तर रिक्षाचं भाडं पडतं, मग ती दारावर येणाऱ्या गाड्यावर अवलंबून राहते. त्या गाड्यावर बटाटे, कांदे, टोमॅटो, कोबी यापलीकडे काय असतं ते बघा.

३. शाळेच्या आणि अंगणवाडीच्या दोनशे पावलांच्या आत पाच रुपयांची पाकिटं किती ठिकाणी लटकलेली आहेत ते मोजा.

४. पाणी कधी येतं, बायका कामाला कधी जातात, पगार कधी होतो, बाजाराचा दिवस कोणता. बैठकीची वेळ यावरून ठरते, पाहुण्यांच्या सोयीवरून नाही.

शिवाय कोण कोण राहतं ते समजून घ्या. मिरजेच्या एका गल्लीत दखनी बोलणारी घरं, पलीकडे कानडी, कुपवाडला खोल्या करून राहणारे उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार, आणि हंगामात वाळवा-पलूसच्या फडांवर आलेल्या ऊसतोड टोळ्या. प्रत्येकाचं मुख्य धान्य, चूल आणि उपासाचे दिवस निराळे.

> सावध: ऊसतोडीच्या कोपीवर (मजुरांच्या झोपडीवर) वजन कमी करण्याची बैठक घेऊ नका. पहाटेपासून कोयता चालवणाऱ्या जोडप्याला जास्त जेवण लागतं, कमी नाही. तिथे विचारायचं ते डाळ-भाजी मिळते का आणि रेशन मिळतं का एवढंच.

टप्पा २. पाच घरांत तेल आणि साखर मोजा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि बैठकीचं सगळं वजन याच्यावर आहे. ओळखीची, मोकळेपणानं बोलणारी पाच घरं निवडा. त्यात किमान एक घर तुमच्या जातीधर्माचं नसावं.

तेलाचा प्रश्न ‘तुम्ही किती तेल खाता?’ असा विचारू नका. उत्तर ‘थोडंच’ असं येतं आणि ती बाई खोटं बोलत नसते. फोडणीला पळीनं तेल सोडताना कुणी मोजत नाही. विचारा: ‘मागचा कॅन कधी फोडला होता?’

एका घरात उत्तर आलं, ‘गणपतीच्या आदल्या दिवशी फोडला, आता परवा संपला.’ मोजले तर २४ दिवस. पाच लिटरचा कॅन, पाच माणसं, त्यांतली दोन पोरं लहान. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे पाच लिटरचे ४,५५० ग्रॅम; २४ दिवसांनी भागले की रोजचे जवळपास १९० ग्रॅम; पाच माणसांत वाटले की माणशी ३८ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये २,००० कॅलरींच्या आहाराला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय. ११ ग्रॅम जास्त म्हणजे माणशी रोज शंभर कॅलरी. यात गाड्यावरचा वडा आणि भजी धरलेली नाहीत.

आता हाच हिशेब उलटा करा. हाच कॅन ३४ दिवस पुरला की माणशी २७ ग्रॅमच्या आत येतो. त्या बाईला मी ग्रॅम सांगितलेच नाहीत. ‘कॅन दहा दिवस जास्त चालवायचा’ एवढंच सांगितलं. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर कॅन फोडल्याची तारीख कोळशानं गोल केली. अशी खूण जिथे झाली तिथेच पुढे काही बदललेलं मी पाहिलंय.

सुटं तेल घेणाऱ्या घरात कॅन नसतो. तिथे पाण्याची रिकामी बाटली द्या, आठवडाभर आणलेलं तेल त्यात ओतायला सांगा आणि रोज रात्री पेनानं रेघ मारायला सांगा.

आपल्याकडचं शेंगदाण्याचं कूट इथे विसरलं जातं. दाण्यात जवळपास निम्मं तेल असतं. भाजीत फोडणीलाही दोन पळ्या आणि वरून मूठभर कूट असेल, तर कूट ठेवा आणि पळी कमी करा. दाण्यात प्रथिनं तरी मिळतात.

साखरेसाठी दुकानदाराच्या काट्यावर त्या घरातल्या चमच्यानं दहा चमचे साखर मोजून घ्या, नेहमी घालतात तशीच, ढीग भरून. मग दहानं भागा. सपाट चमचा ५ ग्रॅमच्या आसपास भरतो. ढिगाचा बराच जास्त. एका कपाला दोन सपाट चमचे आणि दिवसाला पाच कप म्हणजे ५० ग्रॅम साखर. दिवसाची मर्यादा २५ ग्रॅम आहे.

> तपासून घ्या: पाचही घरांत कॅनचे दिवस, महिन्याची साखर, आमटीला घेतलेली डाळ आणि आठवड्यात किती वेळा पालेभाजी झाली, हे चार आकडे वहीत आलेत का? एखादा राहिला असेल तर पुन्हा जा. अंदाजानं भरू नका.

टप्पा ३. माप घेताना इज्जत सांभाळा

पहिल्याच बैठकीत मी वजनकाटा देवळाच्या पायरीवर मांडला होता. एका मावशींचं वजन मी मोठ्यानं वाचलं, मागून कुणीतरी हसलं. त्या पुन्हा आल्या नाहीत, आणि त्यांच्या गल्लीतल्या सहा जणीही आल्या नाहीत. तेव्हापासून काटा आडोशाला, एका वेळी एकच बाई, आणि आकडा तिच्या चिठ्ठीवर लिहून तिच्याच हातात.

शब्दही जपून वापरा. ‘लठ्ठ’ म्हणू नका. आपल्याकडे अंगानं भरलेल्या बाईला ‘खात्यापित्या घरची’ म्हणतात, आणि ते कौतुक असतं. १९७२ च्या दुष्काळात जत-आटपाडीकडून कामासाठी इकडे आलेल्या घरांतल्या म्हाताऱ्या अजून सुकडीची, त्या दुष्काळात वाटलेल्या पौष्टिक पिठाची, आठवण काढतात. त्यांच्या सुनेला तुम्ही ‘बारीक व्हा’ म्हणालात, तर सासूच्या कानाला ते ‘उपाशी राहा’ असं ऐकू येतं. म्हणून बोलायचं ते पोटाच्या घेराबद्दल, गुडघ्यांबद्दल, जिना चढताना लागणाऱ्या धापेबद्दल, घरात कुणाला असलेल्या शुगरबद्दल. दिसण्याबद्दल एक अक्षरही नको.

मापाचा क्रम असा ठेवा.

१. सुतळी. बाईला चपला काढून भिंतीला टेकून उभं करा. टाचेपासून डोक्यापर्यंत सुतळी धरून कापा. ती मधोमध दुमडा आणि पोटाभोवती गुंडाळा. टोकं जुळली तर घेर उंचीच्या निम्म्याच्या आत आहे. जुळली नाहीत तर किती बोटांचं अंतर राहिलं ते तिचं तिलाच मोजू द्या. यात वाचता यावं लागत नाही, आकडा मोठ्यानं बोलावा लागत नाही, आणि सुतळी तिच्या घरी राहते. नाडी किंवा लोकर वापरू नका, ती ताणली जाते.

२. टेप. सुतळी जुळली नाही त्यांच्यासाठी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप आडवा धरा. इथे हमखास चूक होते: टेप परकराच्या नाडीवर बांधला जातो. नाडीनं पोट आवळलेलं असतं आणि माप दोन-तीन सेंटिमीटरनं कमी येतं. नाडी सैल करायला सांगा, साधा श्वास सोडल्यावर माप घ्या. भारतीयांसाठी मर्यादा स्त्रियांना ८० सेंटिमीटर, पुरुषांना ९०. शिंप्याचा टेप असेल तर साधारण साडेएकतीस आणि साडेपस्तीस इंच.

३. वजन आणि उंची. वजन भागिले उंचीचा मीटरमधला वर्ग. १५० सेंटिमीटर उंची, ५८ किलो वजन: ५८ भागिले २.२५, उत्तर २५.८. आपल्या लोकांसाठी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे स्थूलता धरतात. इंटरनेटवरचे बरेच तक्ते २५ आणि ३० धरतात. ते इथे वापरले तर शुगरच्या उंबरठ्यावरची माणसं ‘नॉर्मल’ म्हणून घरी जातील.

> सावध: गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि मुलं यांना वजन कमी करण्याच्या यादीत घेऊ नका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना ‘रात्रीचं जेवण सोडा’ असं कधीही सांगू नका, रक्तातली साखर अचानक खाली जाऊन जिवावर बेतू शकतं. त्यांचा बदल डॉक्टरांना विचारूनच. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनाही डाळी-अंड्यांचा सरसकट सल्ला नको.

घेर जास्त निघालेल्या, तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला आरोग्य उपकेंद्रात पाठवा. आशाताईंच्या तपासणी फॉर्ममध्ये कमरेच्या घेराचा प्रश्न असतोच. रक्तदाब आणि साखर तिथे मोफत तपासली जाते. चिठ्ठीवर तारीख घाला. ‘जाऊन या’ म्हटलं की कुणी जात नाही.

टप्पा ४. पहिली बैठक: बारा जणी, एक तास, एकच विषय

साठ बायकांची बैठक घेऊ नका. बारा ते पंधरा पुरे, आणि त्या एकाच गल्लीतल्या, एकमेकींच्या घरी उठबस असलेल्या असाव्यात. कानडी घरं असतील तर त्यांच्यातलीच एक सोबत घ्या. ‘एण्णे’ आणि ‘सक्करे’ हे दोन शब्द तुम्ही बोललात तरी कानडी मावश्या पुढे सरकून बसतात.

पहिली पंधरा मिनिटं: दुसऱ्या टप्प्यातले पाच घरांचे आकडे नावं न घेता सांगा. ‘एका घरात पाच लिटरचा कॅन २४ दिवसांत संपतो, दुसऱ्यात ३० दिवसांत. तुमच्याकडे?’ इथून त्या आपापसांत बोलू लागतात. तुम्ही गप्प बसा आणि लिहून घ्या.

पुढची तीस मिनिटं: स्वयंपाक. वस्तीतल्याच एका बाईनं, त्यांच्याच कढईत, दोन वेळा एकच भाजी करायची. एकदा नेहमीच्या पळीनं, एकदा चहाच्या चमच्यानं मोजून. मटकीची उसळ यासाठी सोपी. दुसऱ्या वेळी तेल दोन चमचे, कांदा झाकण ठेवून वाफेवर परतायचा, चटका लागला तर पाण्याचा हबका मारायचा, मीठ-मसाला तोच. मग डोळे मिटून चव बघायला लावा. एकदा कुणाला फरक कळला नाही. दुसऱ्या वस्तीत मात्र सगळ्यांनी ओळखलं आणि ‘तवंग नाही तर रस्सा कसला’ म्हणाल्या. त्यांचं खरं होतं. तिथे आम्ही रस्स्यासाठी वेगळं ठरवलं: तवंग येऊ द्यायचा, पण वाढताना वरचा कट वाटीत काढून ठेवायचा आणि तोच दुसऱ्या दिवशीच्या फोडणीला वापरायचा.

शेवटची पंधरा मिनिटं: प्रत्येकीनं एकच बदल निवडायचा. तेल, नाहीतर साखर, नाहीतर रात्रीचा भात. दोन निवडणारीला थांबवा. ज्या बाईनं पहिल्या आठवड्यात सगळं बदललं तिच्या घरी दुसऱ्या आठवड्यात भांडण झालेलं मी पाहिलंय.

> तपासून घ्या: तुमच्या बोलण्यात ओट्स, ऑलिव्ह तेल, ग्रीन टी, ब्राउन राइस यांतला एकही शब्द आला का? आला असेल तर पुढच्या वेळी काढा.

टप्पा ५. ताट बदलायचं कसं

राष्ट्रीय पोषण संस्थेचं दिवसाचं ताट २,००० कॅलरींचं आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध ३०० मिली, दाणे-बिया ३५ ग्रॅम, तेल २७ ग्रॅम. हे ताट वस्तीत जसंच्या तसं सांगितलं तर ऐकणारी मनात बेरीज करते आणि ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणून विषय सोडते. तुम्ही फक्त दिशा धरा: धान्य थोडं कमी, डाळ-कडधान्य थोडं जास्त, भाजी दुप्पट. शेतात दिवसभर भांगलणाऱ्या बाईला आणि शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईला एकच माप लावू नका. भाकरी कमी करायची ती दुसरीनं.

डाळीपासून सुरुवात करा. पाच माणसांच्या आमटीला किती डाळ घेतली ते बघा. बऱ्याचदा एक मूठ-दीड मूठ, म्हणजे शंभर ग्रॅमही नाही. माणशी २० ग्रॅम. अशा पातळ आमटीवर पोट भरायला तीन वाढणी भात लागतो. तूरडाळ महाग आहे हे मान्य करा आणि मटकी, हुलगे, चवळी, हरभरा यांच्याकडे वळा. हुलग्याचं माडगं या भागात नवं नाही, म्हाताऱ्यांना अजून येतं. त्यांनाच करून दाखवायला बसवा. सोयाबीनच्या वड्या शंभर ग्रॅमला सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिनं देतात, आणि त्या पैशांत दुसरं काही तेवढं देत नाही. फक्त भिजवून, पिळून घ्यायला सांगा, नाहीतर वासामुळे घरातली माणसं खात नाहीत.

मांसाहारी घरात ‘शाकाहारी व्हा’ हा सल्ला अजिबात नको. अंडं उकडून. चिकन केलं तर ताटात तुकडे जास्त, कट कमी. सुकट-बोंबील करत असतील तर उत्तम, फक्त मीठ धुऊन घ्यायचं.

भाजीसाठी बाजार उठायच्या वेळी जा, संध्याकाळी सात-साडेसातनंतर. मेथी, शेपू, पोकळा, चाकवताच्या पेंढ्या तेव्हा निम्म्या दरात सुटतात. चार घरांनी मिळून एकीला पाठवायचं आणि भाडं वाटून घ्यायचं. शेवग्याचा पाला आणि तांदुळजा बांधावर फुकट आहे, पण सांडपाण्याच्या नाल्याकडेचा किंवा नुकत्याच फवारलेल्या रानातला तोडायचा नाही.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच तक्त्यावर नसते. घरातली बाई शेवटी जेवते, आणि पातेल्यात उरलेलं टाकवत नाही म्हणून खाते. पोट भरलेलं असतं, तरी दोन घास भात, पोरानं टाकलेली अर्धी भाकरी, आमटीचा तळ. विचारलं तर ‘मी काय, थोडंच जेवते’ म्हणते, कारण ते जेवण तिच्या लेखी जेवणच नसतं. उपाय बोलण्याचा नाही, मापाचा आहे: रात्रीच्या तांदळातली अर्धी वाटी कमी करायची. भाकरी उरलीच तर सकाळी तेलात परतण्याऐवजी ताकात कुस्करायची. आणि जमेल त्या घरात तिचं ताट सगळ्यांबरोबर आधी वाढून ठेवायचं.

उपासाचं आधीच बोलून ठेवा. श्रावण सोमवार आणि एकादशीची साबुदाण्याची खिचडी म्हणजे पिष्ट, दाणे आणि तेल एकाच वाटीत. वरीचा भात, दाण्याची पातळ आमटी, ताक चालतं. रमजानात मिरजेच्या घरांमध्ये इफ्तारला तळलेलं कमी करायचं असेल तर रोजे सुरू व्हायच्या आधी पंधरा दिवस भेटा. महिना सुरू झाल्यावर कुणाला वेळ नसतो.

टप्पा ६. नवरा, सासू आणि पाच रुपयांची पाकिटं

भाजीतलं तेल कमी झालं हे पहिल्यांदा ताटावर बसलेल्या माणसाला कळतं. म्हणून दुसरी बैठक पुरुषांसह, रविवारी सकाळी. त्यांना कॅन आणि किराण्याचे पैसे दाखवा. कॅन २४ ऐवजी ३४ दिवस चालला की महिन्याला पावणेदोन लिटरच्या आसपास तेल वाचतं, त्यात अंड्यांचे किती ट्रे येतात हे त्यांनाच काढू द्या. सासूला चव बघण्याचं काम द्या. तिनं ‘बरी झालीय’ म्हटलं की पुढचं सोपं होतं.

पाकिटाचं मुलांना ओरडून होत नाही. रिकामं पाकीट सोबत न्या, मागचा तक्ता वाचून दाखवा. तो शंभर ग्रॅमचा असतो, पाकिटात खूप कमी माल असतो; हा फरक समजावून सांगितला नाही तर मोठा आकडा सांगून तुम्ही घाबरवताय असं वाटतं. मग त्याच पाच रुपयांत काय येतं ते मांडा: फुटाणे, शेंगा, हंगामात पेरू किंवा बोरं. शेजारच्या किराणा दुकानदाराला गाठून फुटाण्यांच्या छोट्या पुड्या पुढच्या बरणीत ठेवायला सांगा. आमच्या एका वस्तीत दुकानदार तयार झाला आणि त्या पुड्या विकल्या जातात. दुसरीकडे त्यानं नकार दिला. पाकिटांवर त्याला सुटणारे पैसे जास्त होते. तिथे अजून काही जमलेलं नाही.

टप्पा ७. रेशन तपासा

हे आहारशिक्षणाचं काम वाटत नाही, पण हातात येणारं धान्य वाढलं की डाळीसाठी पैसे मोकळे होतात. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो धान्य मिळायला हवं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. कार्डावर सुनेचं आणि लहान मुलांचं नाव चढलंय का ते बघा. बाहेरून आलेला कामगार आधार आणि अंगठ्यावर इथल्या दुकानातून आपल्या वाट्याचं धान्य उचलू शकतो, बाकीचं घर गावी उचलतं. तक्रारीसाठी १९६७ हा नंबर चिठ्ठीवर लिहून द्या.

रेशनच्या तांदळात कधी कधी काही दाणे वेगळे, पिवळसर दिसतात. ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून बायका ते निवडून फेकतात. तो लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून, तांदळाच्याच पिठापासून केलेला दाणा आहे, शंभर दाण्यांत एक या प्रमाणात. बैठकीत मूठभर शिजवून दाखवा आणि सगळ्यांच्या आधी स्वतः खा.

टप्पा ८. सहा महिन्यांचा पाठपुरावा

पंधराव्या दिवशी घरी जा. प्रश्न एकच: कॅन कुठवर आलाय? वजन करू नका. पंधरा दिवसांत काटा हलत नाही आणि हिरमोड होतो.

तिसऱ्या महिन्यात सुतळी आणि वजन. आठवड्याला अर्धा किलोपेक्षा वेगानं वजन उतरत असेल तर शाबासकी देण्याआधी चौकशी करा: जेवण सोडलंय का, कुणी पावडर विकलीय का, तहान आणि लघवी वाढलीय का. शेवटचं असेल तर त्याच दिवशी उपकेंद्र.

सहाव्या महिन्याचं उद्दिष्ट सुरुवातीच्या वजनाच्या पाच टक्के. ६८ किलोच्या बाईसाठी साडेतीन किलोच्या आसपास. ती ‘एवढंच?’ म्हणेल. तिचा आधीचा रक्तदाब आणि आताचा शेजारी लिहून दाखवा. वजन उतरलं नाही पण सुतळीची टोकं दोन बोटांनी जवळ आली असतील तर तेही वहीत नोंदवा.

ज्यांनी सोडलं त्यांच्याकडे परत जाताना रिकाम्या हातानं जा, तक्ता नको. बहुतेक वेळा कारण आहाराचं नसतं. काम सुटलेलं असतं, कुणी आजारी असतं, खोली बदललेली असते. त्या घरी उद्दिष्टाची तारीख तीन महिने पुढे ढकला आणि तसं तिच्यासमोर लिहा.

नोंदवही तुमच्याकडे किंवा उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे कुलुपात राहील. वजनांच्या पानाचा फोटो गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकू नका, कौतुकासाठीसुद्धा नाही.